अभयारण्य मोठे करायचे आहे, पण कसे?

एक शर्यत डोळ्यांपुढे आणा. मैदानात धावपटू एकच आहे, काळवीट. आपल्या देशातील सर्वांत वेगवान प्राण्यांत त्याची गणना होते. जिवावर बेतले म्हणजे तो ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने पळू शकतो. हा वेग त्याला फार वेळ टिकवता येत नाही. पण मिनिटभर टिकला असे आपण धरू.

आता मैदान पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत याचे नाव अहमदनगर होते) कर्जत नावाचा तालुका आहे. या तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी येथे काळवीटांसाठी १९८० साली एक अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ आहे २.१७ चौरस किलोमीटर. ही जागा अगदी चौरस आहे असे क्षणभर समजा आणि बाजूची लांबी काढा. २.१७ चे वर्गमूळ येते सुमारे १.४७. म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत दीड किलोमीटरही अंतर नाही! ताशी ८० कि.मी. वेगाने सुटलेले काळवीट ते किती वेळात कापील? अवघ्या ६६ सेकंदांत. सदुसष्टाव्या सेकंदाला आपला धावपटू कुणाच्या तरी ज्वारीच्या रानात असेल!

"मग अभयारण्य मोठे करा की," असे तुम्ही चटकन म्हणाल. सूचना वाजवी आहे. पण मोठे म्हणजे किती मोठे? कोणत्या बाजूला? कुणाच्या जमिनीवर? आणि मोठे केल्यावर तेथे लावायचे काय? समजा, हे काम तुमच्या वर्गाकडे सोपवले आहे. कागद, पेन्सिल आणि थोडे अंकगणित एवढ्या सामग्रीवर आपण एक आराखडा तयार करू या. हा आपला अभ्यासाचा आराखडा, सरकारी नव्हे. मात्र त्यातले प्रश्न अगदी खरे आहेत.

एकाच जिल्ह्यातील दोन टोके

कामाला लागण्यापूर्वी आधीचा अनुभव पाहणे शहाणपणाचे. सुदैवाने तो फार दूर शोधावा लागत नाही. रेहेकुरीच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७९ साली, सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी एक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे केंद्र सोलापूरजवळचे नान्नज; पण कर्जत आणि श्रीगोंदे तालुक्यांतील प्रदेशही त्यात आला होता. या अभयारण्याचे क्षेत्रफळ किती असावे? ८,४९६ चौरस किलोमीटर!

हा आकडा नुसता वाचून समजत नाही. संपूर्ण अहिल्यानगर जिल्हा, जो महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आहे, तो १७,०४८ चौ. कि.मी.चा. म्हणजे माळढोकाचे अभयारण्य जवळजवळ अर्ध्या जिल्ह्याएवढे होते. रेहेकुरीसारखी ३,९०० हून अधिक अभयारण्ये त्यात मावली असती. एकाच मुलखात, एक वर्षाच्या अंतराने, एक अतिविशाल आणि एक अगदी चिमुकले अशी दोन अभयारण्ये जन्माला आली. निसर्गाने जणू आपल्यासाठी प्रयोगच मांडून ठेवला म्हणा ना!

मग मोठ्या अभयारण्यातील पक्षी सुखी झाला का? दुर्दैवाने नाही. माळढोक हा सुमारे मीटरभर उंचीचा भारदस्त पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या माळावर जमिनीवरच अंडे घालते, आणि तेही सहसा वर्षाला एकच. असा पक्षी आज महाराष्ट्रातून नाहीसा झाल्यातच जमा आहे. देशभरात जे थोडेसे उरले, ते बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत.

नकाशावरची रेघ आणि जमिनीवरचे गवत

असे का झाले? कारणे अनेक आहेत. कालव्यांचे आणि विहिरींचे पाणी आले, तसे ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. उसाच्या दाट फडात माळढोक राहू शकत नाही. त्याला दूरवर नजर टाकता येईल असा उघडा माळ लागतो. शिकार झाली. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव वाढला. विजेच्या तारा आल्या. हा वजनदार पक्षी उडताना चटकन दिशा बदलू शकत नाही आणि समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही.

पण आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. त्या ८,४९६ चौ. कि.मी.मध्ये माळरान होते तरी किती? आत गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते आणि हजारो शेतकऱ्यांची खाजगी जमीन होती. पक्षी विणीसाठी ज्या भागावर विसंबून होता, ते गवताचे पट्टे यात विखुरलेले आणि लहान होते. नान्नजला दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली राखलेली कुरणे अशांपैकीच. तेथे चराई थांबली, गवत वाढले आणि माळढोक तेथे दिसू लागला. त्याला आधार मिळाला तो या राखलेल्या गवताचा. नकाशावर भोवती ओढलेल्या प्रचंड रेघेने त्या गवतात एका काडीचीही भर पडली नाही.

उलट त्या रेघेने एक नवीच अडचण उभी केली. रेघेच्या आत सापडलेल्या माणसाला जमिनीचे व्यवहार आणि बांधकाम करताना अडथळे येऊ लागले. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिलाही नाही, तो शेतकरी म्हणू लागला, "या पाखरामुळे माझे काम अडले." रक्षण करायचे ज्याचे, त्याच्याविषयीच मनात अढी बसली. पुढे तीसहून अधिक वर्षांनी सीमा नव्याने आखाव्या लागल्या आणि क्षेत्र ८,४९६ वरून सुमारे १,२२२ चौ. कि.मी.पर्यंत खाली आले.

असाच प्रकार मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथेही घडला. माळढोकासाठी १९८१ साली २०२ चौ. कि.मी.चे अभयारण्य झाले, लोकांच्या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, आणि पंधरा वर्षे उलटण्यापूर्वीच माळढोक तेथून नाहीसा झाला. म्हणून आपल्या वहीच्या पहिल्या पानावर आपण एक नियम लिहून ठेवू: आधी प्राण्याची गरज मोजा, रेघ मागाहून ओढा.

काळवीटाला हवे तरी काय?

सह्याद्रीच्या पूर्वेकडे उतरले की पाऊस झपाट्याने कमी होतो. ढगांतले बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच पडून जाते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील डोंगरांत, पाऊस कोसळतो. पण कर्जतकडे वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरहूनही कमी. माती उथळ, खाली मुरूम आणि खडक. अशा जमिनीवर दाट जंगल वाढत नाही. तेथे मारवेल, पवना, कुसळी अशी गवते वाढतात आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर यांसारखी काटेरी झाडे उभी असतात. हेच खुले काटेरी रान काळवीटाचे खरे घर.

काळवीटाचे संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे. लांडगा दुरूनच दिसला पाहिजे आणि पळायला मोकळी वाट पाहिजे. म्हणून कळपाला आखूड गवताचे खुले मैदान लागते. पण मादीची गरज थोडी वेगळी. ती एका वेळी एकच पाडस देते आणि पहिले काही दिवस ते गवतात निपचित पडून राहते. तेव्हा लपण्यापुरते उंच गवतही जवळपास हवे. उन्हाळ्यात पाणवठा हवा. नरांना आपापल्या हद्दी आखायला जागा हवी.

आता सांगा, अभयारण्य वाढवले आणि नव्या जमिनीवर आपण उत्साहाने गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे दाटीने लावून टाकली, तर? छायाचित्र हिरवेगार येईल. पण सावलीखाली गवत मरेल, नजर अडेल आणि पळायची वाट बंद होईल. काळवीटाच्या दृष्टीने अभयारण्य वाढण्याऐवजी घटेल! "झाडे लावा" हा सल्ला मोलाचा आहे, परंतु माळाला त्याचे गवतच राहू द्यावे लागते. सरकारी दप्तरात अशा माळांची नोंद पुष्कळदा 'पडीक' म्हणून होते. त्या पडीक म्हटलेल्या जमिनीवर चंडोल, धाविक, माळटिटवी, तितर, खोकड आणि लांडगा यांचा संसार चाललेला असतो.

वेड्या बाभळीवर तर विशेष लक्ष ठेवावे लागते. तिच्या गोड शेंगा काळवीट आवडीने खाते. बी पचत नाही, लेंडीतून बाहेर पडते आणि रुजते. अशा रीतीने काळवीट आपल्याच मैदानात आपल्या अडचणीचे रोप लावीत फिरते.

गवताचा हिशेब

आता अंकगणित. पुढचे काही आकडे आपण हिशेबापुरते गृहीत धरू; प्रत्यक्षात ते जमिनीवर जाऊन मोजावे लागतात.

२.१७ चौ. कि.मी. म्हणजे २१७ हेक्टर. सर्व जमिनीवर गवत आहे आणि बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी एक टन वाळले गवत तयार होते असे माना. एकूण गवत २१७ टन. यातले निम्मे जमिनीवर राहिलेच पाहिजे. नाहीतर पुढल्या वर्षी बी आणि मुळे कोठून येणार? तुडवले जाणारे, वाळवी खाणारे, हेही त्या निम्म्यातच आले. उरले १०८ टन. एक काळवीट दिवसाला ८०० ग्रॅम वाळले गवत खाते असे धरले, तर वर्षाला २९२ किलो लागेल. भागाकार करा. सुमारे ३७० प्राणी पोसले जातील.

पण कर्जत हा दुष्काळी पट्टा. १९७२ चा दुष्काळ कसा होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. समजा, पाऊस हुकला आणि हेक्टरी ४०० किलोच गवत आले. पुन्हा तोच हिशेब केला, तर उत्तर येते सुमारे १५०. उरलेल्या २२० प्राण्यांनी काय करायचे? ते शेजारच्या शेतात शिरणार. कोवळी ज्वारी आणि हरभरा यांच्यापुढे वाळके गवत कोण खाईल?

"म्हणूनच तर दुप्पट करायचे!" बरे, करू. क्षेत्र ४३४ हेक्टर झाले. बरी वर्षे लागोपाठ आली, तर कळपही वाढत जाऊन ७४० पर्यंत पोहोचेल. आणि मग दुष्काळ आला, तर? तेव्हा गवत पुरेल सुमारे ३०० जणांना. म्हणजे ४४० प्राणी बाहेर! पूर्वी २२० बाहेर पडत होते, आता त्याच्या दुप्पट. क्षेत्र दुप्पट केले, तर अडचणही दुप्पट झाली.

याचा अर्थ वाढवू नये असा नाही. अर्थ असा, की आराखडा बऱ्या वर्षावर न आखता वाईट वर्षावर आखावा लागतो. कोणत्या वर्षी किती गवत आहे आणि किती प्राणी आहेत, याची नियमित मोजणी त्यात हवी. बऱ्या वर्षीचे गवत कापून साठवण्याची सोय हवी. आणि बाहेर पडणारा प्राणी कोठे जाणार, याचाही विचार आधीच केलेला हवा.

कळपातले मोजणे

प्राण्यांची संख्या वाढवण्याला आणखी एक कारण आहे. लहान कळपात पिढ्यान् पिढ्या आपसातच संबंध येत राहिले, तर आनुवंशिक विविधता घटत जाते. रोगाची साथ आली, तर तिला तोंड देणारे वेगळे गुण कुणातच नसतात. ही घट मोजण्याचे एक साधे सूत्र आहे. कळपात प्रजननात भाग घेणारे प्राणी 'न' असतील, तर दर पिढीला विविधतेचा एक भागिले दोन 'न' इतका हिस्सा कमी होतो. पन्नास प्राणी असतील, तर शंभरावा हिस्सा.

पण थांबा. काळवीटांत सर्व नरांना पिता होण्याची संधी मिळत नाही. थोडेच बलवान नर ती मिळवतात. समजा, १० नर आणि ९० माद्या प्रजननात भाग घेतात. मोजताना प्राणी १०० दिसतात. परंतु आनुवंशिकतेच्या हिशेबात या कळपाचे बळ किती? त्यासाठी नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्याला चाराने गुणावे आणि एकूण संख्येने भागावे. ४ × १० × ९० ÷ १०० = ३६. म्हणजे शंभराचा कळप छत्तिसाच्या बळाचा!

यावर उपाय दोन. एक तर कळप पुष्कळ मोठा असावा, किंवा दूरच्या कळपांशी अधूनमधून ये-जा असावी. दुसरा उपाय स्वस्त आहे. दर पिढीला थोडे जरी परके प्राणी येऊन मिसळले, तरी फार फरक पडतो. त्यासाठी वाट मात्र मोकळी हवी. अभयारण्याला सगळीकडून उंच कुंपण घातले, तर पिके वाचतील, पण कळप कोंडला जाईल.

कड किती, गाभा किती?

आता भूमिती. अभयारण्याच्या कडेला कुत्री येतात, गुरे येतात, वाहनांचा आवाज येतो, तणांचे बी येते. हा त्रास कडेपासून २५० मीटर आतपर्यंत पोहोचतो असे धरू. त्याच्याही आत जो शांत भाग उरतो, त्याला 'गाभा' म्हणू.

१.४७ कि.मी. बाजूच्या चौरसात गाभ्याची बाजू उरते ०.९७ कि.मी. आणि क्षेत्रफळ सुमारे ०.९५ चौ. कि.मी. म्हणजे निम्म्याहून अधिक अभयारण्य ही नुसती कडच झाली!

आता क्षेत्र दुप्पट, ४.३४ चौ. कि.मी. करू. दोन पर्याय घ्या.

पहिला पर्याय: मोठा चौरस. बाजू २.०८ कि.मी., एकूण कड ८.३ कि.मी. गाभा २.५ चौ. कि.मी. क्षेत्र दुप्पट झाले, पण गाभा अडीच पटींहून अधिक वाढला.

दुसरा पर्याय: जुना चौरस तसाच ठेवून त्याला एखाद्या ओढ्याकाठची अर्धा कि.मी. रुंद आणि ४.३४ कि.मी. लांब पट्टी जोडायची. क्षेत्रफळ तेवढेच, ४.३४. पण कड झाली सुमारे १४.६ कि.मी., आणि पट्टीत गाभा जवळजवळ शून्य! अडीचशे मीटरची कड दोन्ही बाजूंनी आली की पट्टी संपली.

पहिला पर्याय सरस ठरला ना? रखवालदारालाही कमी चालावे लागेल. पण मघाचा परक्या प्राण्यांचा प्रश्न आठवा. लांबचा दुसरा कळप त्या पट्टीच्या टोकाला असेल, तर गाभा नसलेली ती पट्टीच कामाची. ती 'वाट' म्हणून उपयोगी पडेल. तेव्हा आकार ठरवण्यापूर्वी, तो कशासाठी हवा आहे, हे ठरवले पाहिजे.

एक मोठे की अनेक लहान?

याच प्रश्नावर जगातील शास्त्रज्ञांत एक वाद गाजला. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. मोठ्या आणि मुख्य भूमीजवळच्या बेटावर अधिक जाती टिकतात. लहान आणि दूरच्या बेटावर कमी, असे त्याचे सार. शेतीने वेढलेले अभयारण्य हेही एक बेटच नाही का? जेअर्ड डायमंड यांनी १९७५ साली यावरून नियम सुचवले: क्षेत्र मोठे असावे, सलग असावे, गोलाकार असावे, आणि तुकडे असतीलच तर ते जवळजवळ व वाटांनी जोडलेले असावेत. पुढच्याच वर्षी डॅनियल सिम्बरलॉफ आणि लॉरेन्स एबल यांनी हरकत घेतली. त्याच सिद्धान्तावरून अनेक लहान क्षेत्रेही चांगली ठरू शकतात, असे त्यांनी दाखवले. साथ किंवा वणवा आला, तर सगळे एकदम नष्ट होत नाही, हाही लहान क्षेत्रांचा एक फायदा.

आपल्या मुलखाला यातले काय लागू पडते? गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील वेळावदर येथे काळवीटांचे राष्ट्रीय उद्यान सुमारे ३४ चौ. कि.मी.चे आहे, रेहेकुरीच्या पंधरापट. कर्जत तालुक्यात एवढा सलग माळ शेतांच्या मधोमध मिळणे कठीण. इकडे पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, तेही पाच चौ. कि.मी.च्या आसपासच. पूर्वेकडच्या या दुष्काळी पट्ट्यात माळांची अशी लहान लहान बेटेच उरली आहेत.

शिवाय लांडग्याचे काय? लांडग्यांच्या एका कळपाला फिरायला शंभर-दीडशे चौ. कि.मी. किंवा त्याहूनही अधिक मुलूख लागतो. त्याच्यासाठी जमीन संपादन करणे शक्य तरी आहे का? तो आजही धनगरांच्या वाड्यांच्या आसपास, कोरडवाहू शेतांतून आणि गायरानांतून वावरतो. त्याचे अभयारण्य म्हणजे हा सगळा मुलूखच. तेव्हा बेटे राखायची आणि बेटांमधला समुद्र, म्हणजे शेतीचा प्रदेश, प्राण्यांना ओलांडता येईल असा ठेवायचा, हा मार्ग येथे अधिक व्यवहार्य दिसतो. उघड्या विहिरींना कठडे बांधणे, हे त्यातले एक साधे काम. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री वन्य प्राणी पडतात, आणि माणसेही.

शेजाऱ्याची बाजू

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. क्षेत्र दुप्पट करायला आणखी २१७ हेक्टर, म्हणजे सुमारे ५३६ एकर जमीन लागेल. एका कुटुंबाची पाच एकर धरली, तर शंभराहून अधिक कुटुंबांचा प्रश्न आला. माळढोकाची गोष्ट आपण विसरलेलो नाही.

म्हणून जमिनीचे तीन प्रकार वेगळे करा. पहिला, लगतची वनजमीन. ती अभयारण्यात सामील करणे त्यातल्या त्यात सोपे. दुसरा, गावाचे गायरान. ते सरकारी असले, तरी गावची गुरे, शेळ्यामेंढ्या त्यावर जगतात. तिसरा, खाजगी शेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्य करताना जिल्हाधिकाऱ्यांना लोकांच्या हक्कांची चौकशी करावी लागते. २००२ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन आणखी दोन वाटा खुल्या झाल्या. लगतच्या सरकारी जमिनीवर 'संवर्धन राखीव' करता येते. आणि गावाने किंवा जमीनमालकाने स्वखुशीने पुढे येऊन दिलेल्या जमिनीवर 'समुदाय राखीव' करता येते. यात मालकी जात नाही.

पण गाव स्वखुशीने पुढे का येईल? याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतली. माळावर गुरे मोकळी सोडायची नाहीत. गवत वाढू द्यायचे आणि मग कापून न्यायचे. जोडीला पाणी अडवले. चारा वाढला, त्याबरोबर दूधही वाढले. गवत राखणे हे गुरांच्या मालकालाही फायद्याचे असते, हे तेथे सर्वांनी पाहिले.

मग असा करार का करू नये? गायरानाचा एक भाग पावसाळ्यात बंद ठेवायचा. पाडसे आणि पक्ष्यांची पिले मोठी झाली, गवताचे बी पडले, की दिवाळीनंतर निम्मे गवत गावाने कापून न्यायचे. निम्मे काळवीटांसाठी उभे राहील. पिकांच्या नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्रात आहेच. ती वेळेवर हातात पडली पाहिजे. बियाणे फुकट गेल्यावर वर्षभराने मिळालेल्या पैशाने पेरणी होत नाही.

आता तुमची पाळी

आलेखाचा कागद घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असे प्रमाण धरा. मध्यभागी जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. हे आजचे अभयारण्य. भोवती आपल्या मनाने एक वनजमीन, दोन गायराने, एक रस्ता, एक ओढा, एक गाव आणि बाकी शेते दाखवा. आता २१७ हेक्टर नवे क्षेत्र जोडा. मात्र चार अटी आहेत: गाभा दुपटीहून अधिक वाढला पाहिजे, दुष्काळात बाहेर पडणाऱ्या प्राण्यांची सोय लावली पाहिजे, दुसऱ्या माळाकडे जाणारी एक तरी वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि कोणत्याही शेतकऱ्याची जमीन त्याच्या मर्जीविरुद्ध घेता कामा नये.

प्रत्येकाचा आराखडा वेगळा येईल. मग वर्गात दोन गट करा. एका गटाने काळवीटाची बाजू मांडायची, दुसऱ्याने शेजारच्या शेतकऱ्याची. ज्या आराखड्याला दोन्ही गट मान डोलावतील, तो उत्तम समजा.

आणि कधी कर्जतकडे जाणे झाले, तर माळावर पहाटे जरा शांत उभे राहा. गवतातून एक काळापांढरा नर पिळदार शिंगे मागे टाकून डौलाने चालत येईल. त्याला सीमेचा दगड ठाऊक नसतो. तो कोठे असावा, हे आपणच ठरवायचे आहे, आणि ते नीट मोजून ठरवायचे आहे.